नवव्या मजल्याचा राखणदार

बाटलीतलं पुन्हा कमी झालं होतं.

मयुराने राधाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कपाटाच्या काचेतून निरखून पाहिलं. काल संध्याकाळी तिने राधाच्याच काजळाने बाटलीवर रेघ ओढली होती. व्हिस्की आता त्या रेघेच्या करंगळीभर खाली होती. बूच घट्ट, कपाटाला कुलूप, किल्ली मयुराच्या पर्समध्ये. राधा रांगायला लागल्यापासून त्या फ्लॅटमध्ये कुलूप नसलेलं काही उरलंच नव्हतं.

बाटली तिच्या नवऱ्याच्या, प्रसन्नच्या ऑफिसातल्या सुधन्वाची. अमेरिकेहून आणलेली मक्याची बर्बन, आपल्याकडच्या व्हिस्कीच्या दीडपट कडक. दारू चाखून तिला मार्क देणं हा सुधन्वाचा छंद होता आणि बायकोच्या धाकामुळे तो दुसऱ्यांच्या घरी जोपासावा लागे. इथेच त्याने ती उघडली, एक घोट घेतला, डोळे पुसले आणि फर्मावलं, "पहिल्या घोटावर निकाल द्यायचा नसतो. आठवडाभर हवा लागू दे. शनिवारी येतो."

"प्रसन्न, खरं सांग. गुपचूप पितोस?"

"मयू, यार, ही गुपचूप पिता येईल का? खोकला लिफ्टपर्यंत ऐकू जाईल. अगं, पिंपातून थोडी उडतेच. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"हे पिंप आहे का? बूच लावलेली बाटली आहे."

"मग हवा कोरडी असेल."

मयुराने खिडकीकडे बोट दाखवलं. दिल्लीच्या द्वारकेवर चार दिवस धुकं बसलं होतं. समोरचा टॉवर नाहीसा झाला होता. डोक्यावरून विमानं जात होती, ती फक्त ऐकू येत. वाळत घातलेली दुपटी दोन-दोन दिवस ओली.

बाटलीचं तिला एवढं काही नव्हतं. पण राधा हल्ली बाल्कनीच्या कोपऱ्याकडे पाहून खुदकन हसायची आणि मग टाटा करायची. त्या कोपऱ्यात कढीपत्त्याच्या कुंडीशिवाय काही नव्हतं. आणि आजवर राधाने टाटा फक्त माणसांनाच केला होता.

"शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मी हिला घेऊन पुण्याला आईकडे जाते," मयुराने जाहीर केलं. "आणि मग मार्चपर्यंत येत नाही."

प्रसन्नने हसून पाहिलं, पण ती बॅग भरायला लागली तेव्हा त्याचं हसू मावळलं.

शनिवारी भर दुपारी दिवे लावावे लागले. सुधन्वा आला, निमुळत्या तोंडाचे आपले ग्लास रुमालात गुंडाळून घेऊन. "तोंड जरा उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर नाक भाजतं," तो म्हणाला. "हां... व्हॅनिला. जळका गूळ. भिजलेलं लाकूड..." त्याने घोट घेतला आणि त्याचा आवाजच गेला.

तेवढ्यात बाल्कनीतून दुसराच आवाज आला. खोल, घोगरा. "आमच्या नातीची राखण कर रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!"

मयुराने राधाला छातीशी धरलं. प्रसन्नने पडदा सारला. धुक्यात माकडटोपी घातलेली एक आकृती कुंडीपुढे वाकली होती. ते मयुराचे सासरे, तात्याराव. थंडीपुरते कुडाळहून आलेले.

"तात्या! तुम्ही आहात होय!" मयुराला हसूच फुटलं. सगळा आठवडा अंगावरून उतरल्यासारखं वाटलं.

"घरात पोर आहे आणि जागेला राखणदार नाही," तात्याराव गंभीरपणे म्हणाले. "गावी प्रत्येक जागेचा एक असतो. दिसत नाही, पण राखतो. नवव्या मजल्यावर जमीनच नाही, तर तो राहणार कुठे? म्हणून रोज एक झाकण ठेवून, गाऱ्हाणं घालून बोलावतो."

"अहो, पण अमेरिकेची दारू? कुंडीला?" प्रसन्न कळवळला.

"तुझ्या बाटलीक कोण हात लावतलो?" तात्याराव भडकले. शालीतून त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "ही माझी. गावची काजूची फेणी. आणि तो हिला तोंड लावत नाही. ठेवलेलं झाकण सकाळी तसंच असतं. तो काय घेतो, ते आता मला वासावरून कळलं."

वरून एक विमान गेलं.

सुधन्वाला आवाज परत मिळाला होता, पण बारीक. "चलो, टेस्ट करू ना. शास्त्रशुद्ध." त्याने दोन ग्लासांत बर्बन ओतली. एकात तशीच, दुसऱ्यात चमचाभर पाणी घालून. "इतकी कडक असली की पाणी घालावंच लागतं, तेव्हा ती खुलते. कोणालाही विचारा." दोन्ही ग्लास काजूच्या झाकणाशेजारी ठेवून त्याने दार लावलं. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी होती. चिमणीचीही आत यायची सोय नव्हती.

आत सगळे काचेकडे पाठ करून वडे खात बसले. राधा मात्र मयुराच्या खांद्यावरून मागे बघत होती. थोड्या वेळाने ती खुदकन हसली आणि तिने टाटा केला.

बाल्कनीत काजूचं झाकण जसंच्या तसं होतं. पाणी घातलेला ग्लासही. बिनपाण्याचा ग्लास मात्र कोरडा होता, आणि त्याच्या कडेवर वाफ धरली होती, कोणीतरी आत्ताच ओठ काढल्यासारखी.

"पाणी नको म्हणतोय," सुधन्वा पुटपुटला. त्या दिवशी त्याने मार्क दिले नाहीत. ग्लासही नेले नाहीत.

"दिल्लीतला राखणदार आहे," तात्याराव समाधानाने म्हणाले. "फॉरेनचीच लागणार."

मयुराने रात्रभर विचार केला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राधावर लक्ष ठेवायला होतं कोण? आई-बाबा दोघं नोकरीवाले. सकाळी तिने बॅग रिकामी केली.

त्यानंतरच्या मंगळवारी प्रसन्नचा फोन मीटिंगमध्येच थरथरला.

"अरे, आज लेव्हल कमी झाली नाही!" मयुरा रडवेली झाली होती. "रेघेला अगदी चिकटून आहे. पहिल्यांदाच असं झालंय. त्यांना काही झालं नसेल ना रे? आणि बाटलीत थोडीच उरलीये, सुधन्वा परत अमेरिकेला कधी जातोय ते विचार."

"मयू, अगं..."

"थांब."

जमिनीवर बसलेली राधा बाल्कनीच्या बंद दाराकडे बघून दोन्ही हातांनी 'ये ये' करत होती.

मयुराचा जीव भांड्यात पडला. तिने ओढणी सारखी केली, बूच काढलं आणि दाराकडे पाहून, सासऱ्यांशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "उशीर केलात आज. काळजीत पडले होते मी."