सायाळीची घडी मोडलेली शाल

एका जंगलात, मुलांनो, सगळं मिळत होतं. फक्त परवडत नव्हतं.

त्या जंगलात अनसाबाई नावाची एक सायाळ राहायची. अंगावर वीतवीत काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. आता काटे लांबून दिसतात, स्वभावाला जवळ यावं लागतं. जवळ कुणी यायचं नाही. लग्न असो की बारसं, अनसाबाईंची जागा ठरलेली : पार मागे, वारुळाच्या पलीकडे. वाढणारीसुद्धा लांबूनच भाकरी फेकायची. एकदा ती भाकरी काट्यातच अडकली आणि अनसाबाईंना पाठीवर भाकरी घेऊन उपाशी घरी यावं लागलं.

अशात भेकरांच्या घरी लग्न निघालं. नवरी अनसाबाईंच्या बालमैत्रिणीची लेक.

"या लग्नात मी बायकांत बसणार," अनसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अगदी मधोमध. दोन्ही बाजूंना कुणीतरी पाहिजे मला."

नवरा भिकोबा कंद खणत होता. त्यानं मानही वर केली नाही. "दोन्ही बाजूंना? अगं, मी तुझा नवरा. मला स्वतःला काटे आहेत. तरी मी हातभर सरकून झोपतो."

"म्हणून तर शाल हवी. सुगरणीची. सगळं झाकून जातं तिच्यात."

भिकोबाच्या हातातला कंद गळून पडला.

सुगरण पक्षी तुम्ही पाहिला असेल. नाव बाईचं, पण विणतो तो नर. पाटी बायकोच्या नावानं, राबणारा नवरा. धंद्यात हे चालतंच. त्याच्या शालीला जंगलात तोड नव्हती. पण नवी शाल घ्यायची तर पावसाळाभर खणलेले सगळे कंद त्याच्या दारात नेऊन ओतायचे. मग खायचं काय? शाल?

अनसाबाईंनी वेगळी वाट धरली. त्या जाळ्यावर गेल्या.

हे जाळं तंतूशेट कोळ्याचं. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, अख्ख्या जंगलभर पसरलेलं. पहाटे त्याच्या धाग्याधाग्यावर दव पडायचं आणि प्रत्येक थेंबात एकेका वस्तूचं चित्र दिसायचं. आवडलं की धागा ओढायचा, दुसऱ्या टोकाला विकणारा हजर. ऊन चढलं की थेंब सुकले, सौदे बंद. त्यामुळे गिऱ्हाईक कायम घाईत. घाईतलं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराचा सण असतो, मुलांनो.

"या, अनसाबाई," तंतूशेट म्हणाला. "नवं दाखवू की घडी मोडलेलं?"

नवं वस्त्र पहिल्यांदा जिवाभावाच्या बाईला नेसायला द्यायचं, म्हणजेच घडी मोडायला द्यायचं, ही त्या जंगलाची जुनी रीत. तंतूशेटनं तिच्यावर दुकान उभं केलं होतं. त्याच्याकडे काहीही वापरलेलं नसायचं. सगळं फक्त घडी मोडलेलं. मागे एका माकडानं तीन पावसाळे वापरलेली छत्री अशीच विकायला ठेवली होती. दांडा उरला होता, कापड नव्हतं. तीही फक्त घडी मोडलेली. आणि खपली!

अनसाबाई थेंबाथेंबातून बघत गेल्या. एका थेंबाशी थांबल्या. सुगरणीची शाल, अस्सल, फक्त घडी मोडलेली. मालकीण रानडुकरीण.

त्यांनी धागा ओढला. "उलटी बाजू दाखवा बरं."

पलीकडे आधी काहीतरी झटकल्याचा आवाज आला. मग उलटी बाजू दिसली.

"हा चिखल कसला?"

"चिखल नाही हो ताई," रानडुकरीण म्हणाली. "मातकट छटा आहे. सध्या तीच चालते."

"धुतल्यावर जाईल का छटा?"

"एका धुण्यात!"

"मग छटा गेल्यावर शालीची किंमतही थोडी जायला नको का?"

रानडुकरीण हसली आणि तिथेच फसली. सौद्यात आधी हसतो तो भाव सोडतो.

शाल घरी आली. अनसाबाईंनी आधी तिच्या कडेला स्वतःचा एक काटा टोचून पाहिला. नकली विणीत एक धागा तुटला की शेजारचे दहा उसवतात. अस्सल सुगरणीची वीण तशी नाही, भोक पडलं तर तेवढंच राहतं. भोक तेवढंच राहिलं. अनसाबाईंनी शाल उराशी धरली, अर्थात जपून.

लग्नाच्या दिवशी शाल पांघरून त्या मांडवात शिरल्या आणि थेट बायकांच्या मधोमध जाऊन बसल्या. कुणी ओळखलं नाही. उजव्या हाताला पांढऱ्याशुभ्र कुंदाताई ससीण येऊन बसल्या. कुंदाताई म्हणजे जंगलातलं मोठं प्रस्थ. त्यांनी कान एका बाजूला वळवला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कान त्या बाजूला.

"शाल छान हो तुमची," कुंदाताई म्हणाल्या आणि अगदी खेटून बसल्या.

कुणाच्या अंगाची ऊब कशी असते, हे अनसाबाईंना त्या दिवशी कळलं. त्यांना भरून आलं. पण भरून येऊन चालणार नव्हतं. अंग आवळून, श्वास रोखून त्या बसून राहिल्या.

तेवढ्यात अक्षता पडल्या आणि पाठीमागे सुतारपक्ष्यांनी एकदम ताशा बडवला. सायाळ दचकली की काय होतं? तेच झालं. सगळे काटे उभे! शालीतून आरपार बाहेर!

"आई गं!" कुंदाताई हातभर उडाल्या.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. पुरुषांच्या बाजूला भिकोबानं डोळे मिटून घेतले. अनसाबाई वारुळाकडे जायला उठल्या.

पण कुंदाताईंची पंचाईत त्यांच्याहून मोठी होती. आपण मघापासून एका सायाळीला खेटून बसलो, वर तिची तारीफ केली, हे चारचौघींत कबूल कसं करायचं? त्यांनी कूस चोळली, शालीकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "ही सुगरणीची नवी तऱ्हा वाटतं?"

अनसाबाई मागे वळल्या. "अजून बाजारात आलेली नाही," त्या म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

"तरीच! बसा हो, बसा ना. अशा उठता काय?"

दुसऱ्या दिवशी जाळ्यावर एकच मागणी : भोकांची शाल. बायका आपापल्या शाली घेऊन अनसाबाईंच्या बिळाशी रांग लावू लागल्या. अनसाबाई शाल पांघरायच्या, भिकोबा मागून डबा वाजवायचा, की झाली तयार! कंद खणायचं काम बंद पडलं. कंद चालत घरी येऊ लागले.

सुगरण आधी चिडला. "माझ्या विणीला भोकं!" मग त्यानं भोकांचा भाव ऐकला आणि शांत झाला. मग घरी जाऊन चोचीनं स्वतःच भोकं पाडायला बसला. तिप्पट भाव लावला, आणि जाळ्यावर जाहीर केलं की चोचीचं भोक तेवढं अस्सल, बाकी सारी नक्कल.

तंतूशेट स्वतः सांगायला आला. "अनसाबाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमची भोकं आजपासून नकली."

"अहो, काटे माझे आहेत!"

"काटे तुमचे. शिक्का त्याचा."

रांग दोन दिवसांत मोडली. त्यातच कुंदाताईंच्या भाचीचं लग्न ठरलं. बोलावण्याबरोबर सूचना आली : नकली शाल घालून येणाऱ्यांची सोय वारुळामागे केली आहे.

भिकोबा म्हणाला, "सोड ना. आपण दोघं बसू वारुळामागे. शेजारी शेजारी."

"हातभर अंतरावर?"

भिकोबा पुन्हा कंद खणायला लागला.

पहाटे अनसाबाई पुन्हा जाळ्यावर. एका थेंबात हवी तीच शाल दिसली, चोचीच्या भोकांची. फक्त घडी मोडलेली. विकणारीनं नाव दिलं नव्हतं. अनसाबाईंनी सवयीनं उलटी बाजू मागितली. कडेला पांढऱ्या लोकरीचा एक मऊ पुंजका चिकटला होता.

मोठ्या घरच्या बायका एकच शाल दोन लग्नांत घालत नाहीत, आणि दुसरी घ्यायची तर पहिली गुपचूप विकावी लागते, हे अनसाबाईंच्या ध्यानात आलं.

"हे पांढरं काय आहे हो?" त्यांनी विचारलं.

पलीकडून घाईघाईनं उत्तर आलं, "निम्म्यात देते. पण आत्ताच न्या."

भाचीच्या लग्नात अनसाबाई पुन्हा मधोमध बसल्या. शेजारी कुंदाताई, नव्या शालीत. त्यांची नजर अनसाबाईंच्या शालीवर गेली, कडेवर थांबली आणि चटकन परत आली.

ताशा वाजला. काटे उभे राहिले. या खेपेला बरेचसे आयत्या भोकांतूनच बाहेर आले, आणि चार सरळ कुंदाताईंच्या कुशीत गेले. कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं नाही.

मागून टिटवी कुजबुजली, "सायाळीला कुठली परवडायला! नकलीच असणार. उठवा तिला."

"अस्सल आहे," कुंदाताई दात आवळून म्हणाल्या. "शपथेवर सांगते."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

कुंदाताई अनसाबाईंना आणखी खेटून बसल्या.

तात्पर्य : आपण आहोत तसं जगानं आपल्याला जवळ करावं असं वाटत असेल, तर आधी आपल्या रूपाचा भाव वाढू द्यावा. मग तेच रूप दुसऱ्याकडून, घडी मोडलेलं, निम्म्या किमतीत घ्यावं. उलटी बाजू पाहिल्याशिवाय मात्र घेऊ नये.