आक्षेप न कळवणारा सदस्य

रोहिदास आप्पांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते पत्र आठ महिने शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात पडून होतं. विद्यापीठ 'इंटरनेट अभ्यास' या विषयाची पदवी सुरू करणार होतं आणि अभ्यासक्रम समितीवर त्यांना घेऊ इच्छित होतं. दौंडच्या वाचनालयात बत्तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यापलीकडे आपण काय केलं, असं वाटून आप्पांनी नकाराचे चार मसुदे केले. पहिला उद्धट वाटला, दुसरा लाचार, तिसऱ्यात स्वल्पविराम फार झाले. चौथा बरा जमला, पण तोवर पंधरा दिवसांची मुदत उलटली होती. 'आक्षेप न आल्यास संमती गृहीत धरली जाईल' ही तळाची ओळ त्यांनी वाचली होती. पण आपल्याला कोण कशाला गृहीत धरील, असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये वडगाव रासाईचे मच्छिंद्रराव आपल्या मुलीला, मोनिकाला घेऊन आप्पांच्या दारात आले. हातात पदवीचं माहितीपत्रक. 'करिअरच्या संधी' या पानावर एकच ओळ छापलेली होती: आप्पांचं नाव आणि फोन नंबर. बाकी पान कोरं.

"आप्पा, तीन वर्सं शिकून पोरगी लागंल कुठं, तेवढं लेखी द्या," मच्छिंद्रराव म्हणाले. "न्हाईतर शनवारी हिला कासुर्डीला मावशीकडं धाडतो. तिथं पार्लरचा कोर्स हाय."

मोनिका खाली बघत होती. मागच्या वर्षी रेशनकार्डं रद्द होणार असा खोटा मेसेज फिरला आणि अर्धं गाव कामधंदा सोडून तहसीलसमोर दिवसभर उभं राहिलं. तो मेसेज कुठून सुटला, हे तिनं दोन दिवस मागं मागं जात शोधून काढलं होतं. तिला तेच शिकायचं होतं. आप्पांनी दोघांना शुक्रवारी यायला सांगितलं.

सबंध आयुष्यात आला नव्हता इतका राग आप्पांना त्या दिवशी आला. ही पदवी जिथं सुरू होणार होती, त्या शिरूरच्या कॉलेजात ते एसटीनं गेले. तिथं पदवीचे समन्वयक नवनाथ सर त्यांना पाहून उठून उभे राहिले.

"मला न विचारता माझं नाव छापलंत?"

"विचारलं की, सर. तुम्ही न्हाई म्हणाला न्हाईत."

"बाकीचे सदस्य कुठं आहेत?"

"सहा जणांचे आक्षेप आले. आक्षेप आला की वगळायचं, असा नियम हाय. उरले तुम्ही." नवनाथ सरांचा आवाज कृतज्ञतेनं ओला झाला. "आता पदवी तुमच्या एकट्यावर उभी हाय. तुमचा आक्षेप आला की बंद."

नोकऱ्यांचं पान कोरं का, असं आप्पांनी विचारलं. ते सदस्यांनी लिहायचं असतं, असं उत्तर मिळालं. शिवाय काही कळवायचं असेल तर ते पोस्टानं कळवावं, कारण विभागाचं इंटरनेट अजून जोडायचं होतं.

परतीच्या एसटीत आप्पा धुमसत राहिले. आक्षेप घ्यावा तर पदवी बुडणार. गप्प बसावं तर पान कोरंच राहणार. दोन्हीकडून मोनिका कासुर्डीला जाणार.

"चार मसुदे करू नका, एकच करा," आप्पा घरात शिरताच त्यांच्या पत्नी सुरेखाबाई म्हणाल्या.

आप्पांनी एकच केला. वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'संमती'. खाली एकोणीस आक्षेप लिहिले आणि प्रत्येकाला 'सूचना' म्हटलं. पहिली सूचना, कोरं पान छापणं ही फसवणूक आहे. मग ते पान त्यांनी स्वतःच लिहिलं. वर्तमानपत्रं, बँका, पोलिसांचा सायबर विभाग, आणि शेवटी, यातली एकही नोकरी या पदवीसाठी राखून ठेवलेली नाही. त्याची सही केलेली नक्कल शुक्रवारी मच्छिंद्ररावांना दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "ह्यात खात्री न्हाई लिवलेली."

"नाही. लिहिली असती तर खोटी झाली असती."

"पार्लरवाल्यांनी दिलीया. शंभर टक्के."

"पप्पा, रेशनकार्डाचा मेसेजबी शंभर टक्के होता," मोनिका म्हणाली.

मच्छिंद्ररावांनी नक्कल घडी करून खिशात ठेवली. तहसीलसमोरच्या गर्दीत ते सगळ्यात पुढं उभे होते.

मग तिघं मिळून पोस्टात गेले. आप्पांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं आणि पावती घेतली. तिथल्याच दोऱ्याला बांधलेल्या पेनानं मच्छिंद्ररावांनी मोनिकाच्या प्रवेशअर्जावर सही केली.

"काय का असंना, आप्पा," ते म्हणाले, "ह्या डिग्रीनं एक माणूस तर कामाला लावला. तुम्हाला."

आप्पांचा यावर आक्षेप होता. तो त्यांनी कळवला नाही.