रेंगाळलेल्या गीताचं प्रकरण

“हुबळीत माझ्यासारखा माणूस जन्मला ही या गावाची पूर्वपुण्याई,” प्रभंजन इनामदार समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “आणि मुंबईची बोलावणी नाकारून मी इथंच राहिलो, हा माझा त्याग. नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल मी स्वतः बोलत नाही. लोक बोलतात.”

लोक बोलत, हे खरं होतं. नाक फार मोठं होतं. मुंबईचं बोलावणंही एकदा आलं होतं, चुलतभावाच्या मुंजीचं. पण यातलं काही श्यामला बोलली नाही. ती प्रभंजनची मेव्हणी. बी. कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत भावोजींना जरा मदत कर, असं बहिणीनं सांगितलं, त्याला आता तीन पावसाळे झाले होते. कोप्पीकर रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर प्रभंजनच्या वकील वडिलांनी मागं ठेवलेली खोली होती. तीत श्यामला टाइपरायटरशी बसे आणि भावोजींच्या गुप्तहेरी तर्कांना व्याकरण पुरवी.

गिऱ्हाईक म्हणजे दत्तात्रेय अमोलिक, स्टेशनामागच्या सेंट ऑल्बन चर्चचे सेक्रेटरी. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं हे अँग्लिकन चर्च. साहेब गेले, पण दगडी भिंती आणि माडीवरचा पाइप ऑर्गन ठेवून गेले. अमोलिक गोड बोलणारे गृहस्थ होते. कुणाशी बोलताना मान इतकी हलवत, की समोरच्याला वाटावं, आपण नुकतंच काहीतरी शहाणपणाचं बोललो.

“इनामदारसाहेब, आमची गीतं रेंगाळायला लागलीत,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे हळू झालीत. ईस्टरपासून दर रविवारी थोडी थोडी. आता चार कडव्यांचं गीत संपेपर्यंत लहान पोरं झोपतात आणि म्हातारी माणसं खाली बसतात. उपासना संपायला पाऊण तास जास्त. कमिटीत एकच गलका, ऑर्गन काढा आणि जपानी कीबोर्ड आणा. बटण दाबलं की त्यातून तबलासुद्धा वाजतो म्हणे. ऑर्गन गेला की कुसुमअक्का पण गेल्या. तीस-पस्तीस वर्षं वाजवतायत हो. मला कुणाचंच मन मोडवत नाही. तुम्ही त्रयस्थ. तुम्ही कारण शोधून द्या, म्हणजे मी सुटलो.”

प्रभंजन उठून खिडकीशी गेला. विचार करताना तो खिडकीशी जाई. खाली भेळेची गाडी होती.

“श्यामला, लिही,” तो म्हणाला. “ही चाल आहे.”

“चालच आहे भावोजी,” श्यामला म्हणाली. “फक्त संथ झालीय.”

रविवारी दोघं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. पुढं वेदीजवळ पांढऱ्या झग्यांतली गाणाऱ्यांची क्वायर आणि तिचा म्होरक्या एडविन सोन्स, बँकेतला कारकून, उंच आणि घामेजलेला. ऑर्गन पार मागच्या टोकाला, माडीवर. तिथं बसलेल्या कुसुमअक्का सत्राळकर खालून दिसत नव्हत्या. दिसत होता तो त्यांचा पांढरा अंबाडा.

पाळकसाहेब खाकरले आणि गीत सुरू झालं. सुरू झालं म्हणजे सुटलं, चढाला लागलेल्या मालगाडीसारखं. एक अक्षर आलं, मग बराच वेळ काही आलं नाही, मग दुसरं आलं. शेजारच्या बाईंनी एका कडव्यात मटारची पिशवी उघडून पुन्हा बांधली. पहिल्या बाकावरचे अमोलिक मात्र डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्या आवाजात, रंगून गात होते.

“कळलं,” प्रभंजन कुजबुजला. “व्होल्टेज!”

ऑर्गनचा भाता विजेच्या मोटरवर चालतो, हे त्यानं ऐकलं होतं. बॅटरी उतरली की टेपरेकॉर्डर जसा रेंगाळतो, तसा ऑर्गन रेंगाळतोय, हा सिद्धांत क्रमांक एक. सोमवारी त्यानं वीजमंडळाच्या लाइनमनला चहाच्या टपरीवर गाठलं आणि “स्टेशनामागची वीज कुठं मुरते?” असा सरळ वार केला. लाइनमननं त्याला नखशिखांत न्याहाळलं. “एनरी, हुषार अदिरी?” बरे आहात ना, असं काळजीनं विचारून तो सायकलवर बसून गेला.

“पळाला,” प्रभंजन म्हणाला. “लिही.”

सिद्धांत क्रमांक एक कुसुमअक्कांनीच निकालात काढला. त्या धारवाडला केलगेरीत राहायच्या. एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, जिभेला धार असलेल्या. त्यांच्यावर पाळत ठेवायची म्हणून दोघं बसनं धारवाडला गेली. प्रभंजन आंब्याच्या झाडामागं उभा राहिला. श्यामला कुंपणापाशी पत्ता विचारत असल्यासारखी घुटमळली.

खिडकी उघडली. “आत ये गं,” अक्का म्हणाल्या. “आणि ते झाडामागचे गृहस्थ तुझेच ना? त्यांनाही बोलाव. त्या झाडावर लाल मुंग्या आहेत.”

हे त्यांनी थोडं उशिरा सांगितलं होतं. प्रभंजन आला तो नाचतच आला.

प्रभंजननं व्होल्टेजची शंका काढताच चहा देता देता अक्का म्हणाल्या, “व्होल्टेज पडलं तर सूर बसतो. वेग कसा कमी होईल? वेग माझ्या बोटांत आहे. तुमचा पंखा हळू फिरला म्हणून तुम्ही हळू जेवता का?”

प्रभंजन पोटऱ्या खाजवण्यात गुंतला होता. त्याच वेळी शेजारच्या घरातून तंबोऱ्याचा झंकार आला, आणि मागोमाग एका दणकट गळ्यातून ‘आ’ निघाला. तो निघाला, वळला, थांबला, पुन्हा निघाला. धारवाडला कुठल्याही गल्लीत घडतं तसंच हे होतं. पण प्रभंजनचं खाजवणं थांबलं. हात धुवायचं निमित्त करून तो मागच्या दारी गेला आणि भिंतीला कान लावून उभा राहिला.

तो गेल्यावर अक्कांनी आपले हात मांडीवर पालथे ठेवले आणि पाहत राहिल्या. बोटांची पेरं सुजलेली होती.

“तू रविवारी मागं बसली होतीस. खरं सांग,” त्या म्हणाल्या. “माझीच बोटं जड झालीत का गं? घरी पेटीवर वाजवते तेव्हा तसं वाटत नाही. पण माणसाला स्वतःचं कळत नाही. तसं असेल तर मी आपण होऊन उठेन. कीबोर्डनं उठवायची वेळ नको.”

भूगोलाच्या बाईंनी पृथ्वी गोल आहे का, असं विचारावं, तसं श्यामलाला झालं. “शोधतोय आम्ही,” एवढंच ती म्हणाली, आणि त्या ‘आम्ही’त भावोजीही आहेत हे आठवून तिला कसंतरी झालं.

परतीच्या बसमध्ये प्रभंजनचे डोळे चमकत होते. “सापडलं! विलंबित ख्याल!”

“काय?”

“धारवाडची हवा, श्यामला! शेजारी खाँसाहेबी गाणं, दिवसरात्र. त्या बाई इंग्रजी गीतांचा ख्याल करतायत. आधी विलंबित. वर्षभरात आलापी सुरू होईल, आणि नाताळापर्यंत पाळकसाहेब मांडी घालून बसतील. ही घुसखोरी आहे!”

“भावोजी, त्या पस्तीस वर्षं तिथंच राहतायत. ख्याल आत्ताच कसा चढला?”

“विष हळूहळू भिनतं. म्हणून तर त्याला विलंबित म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी त्यानं एडविन सोन्सलाही बँकेच्या खिडकीतून तपासलं. मागं रांग वाढत होती. एडविन म्हणाला, “अक्कांशी मी ईस्टरपासून बोलत नाही बघा. पुढं कोण, क्वायर का ऑर्गन, यावरून वाजलं आमचं. ते अमोलिकअण्णांनी मिटवलं. आता माझी काही तक्रार नाही.” मागच्या माणसानं चेक प्रभंजनच्या खांद्यावरून आत सारला आणि तपास संपला. मिटलेल्या भांडणात प्रभंजनला रस नव्हता. ते त्यानं श्यामलाला लिहायलाही सांगितलं नाही.

शनिवारी अहवाल टाइप झाला. ‘ऑर्गनवादिका श्रीमती सत्राळकर यांनी हेतुपुरस्सर’ इथपर्यंत येऊन श्यामलाची बोटं अडली.

“भावोजी, हेतुपुरस्सर कशाला? त्यांची नोकरी नाही ही, पण त्यांचं सगळं हेच आहे.”

“गुप्तहेराला हृदय नसतं,” प्रभंजन मुंग्यांच्या चाव्यांना मलम लावत म्हणाला. “हाय हाय! हळू फुंकर घाल.”

तिनं फुंकर घातली नाही. ‘हेतुपुरस्सर’ टाइप केलं, कारण बहिणीच्या घरी जेवायला जायचं होतं. पण जाताना ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली आणि केलगेरीला फोन लावला.

“अक्का, उद्या उपासनेनंतर कमिटीची मीटिंग आहे. या.”

“मला बोलावलेलं नाही.”

“मी बोलावतेय.”

“काय म्हणणार आहेत ते?”

“ते तुम्ही समोर असलात तर म्हणायला जड जाईल. म्हणून तर या.”

मीटिंग चर्चमागच्या हॉलमध्ये होती. प्रभंजन काळा कोट घालून आला होता. दारातून अक्का आत येताना पाहून अमोलिकांची मान हलायची थांबली. दुसऱ्या टोकाला एडविन बसला होता. त्यानं भिंतीकडं तोंड केलं, अक्कांनी पंख्याकडं. अमोलिकांच्या पत्नी भागीरथीबाई चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या.

“सज्जनहो,” प्रभंजन उभा राहिला, “या खोलीत एक गुन्हेगार आहे.”

“साखर कमी असलेला कुठला?” पाळकसाहेबांनी विचारलं. ते कपांबद्दल बोलत होते.

प्रभंजननं विजेपासून सुरुवात केली, मग वीज फेटाळली. तंबोऱ्याचं वर्णन केलं. आलाप कसा असतो, हे गाऊन दाखवलं, आणि बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. श्यामला मान खाली घालून बसली होती. अक्कांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, तो तिला न पाहताही दिसत होता. आता पुढचं वाक्य ‘हेतुपुरस्सर’चं.

“अहो, थांबा जरा,” भागीरथीबाई ट्रे टेकवून म्हणाल्या. “मला ख्यालबियाल कळत नाही. दर रविवारी घरी जायला उशीर होऊन माझा रस्सा आटतो, एवढं कळतं. मला इतकंच सांगा. गीत म्हणताना आधी कोण निघतं?”

“एडविन,” अक्का म्हणाल्या.

“अक्का,” एडविन म्हणाला.

दोघं एकदम बोलली होती. दोघांनी माना वळवल्या.

“मी?” अक्का म्हणाल्या. “मी कशी निघेन? तू अक्षर उच्चारलंस की मी पट्टी दाबते.”

“यप्पा! तुम्ही पट्टी दाबली की मी अक्षर काढतो, अक्का! प्रत्येक अक्षराला वाट बघतो तुमची!”

“माझी? मी तुझी बघते! मला स्पष्ट सांगितलंय, ‘क्वायर पुढं, तुम्ही मागं. एडविन तरुण आहे, त्याचं मन राखा.’”

“आणि मला सांगितलंय, ‘अक्का पुढं, तू मागं. त्या वडीलधाऱ्या, त्यांचं मन राख.’”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

सगळ्या हॉलनं अमोलिकांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात बिस्किट होतं. ते त्यांनी फार सावकाश खाल्लं.

“मी... दोघांचं समाधान केलं,” ते म्हणाले. “भांडण तर मिटलं ना?”

“आणि पहिला सूर?” श्यामलानं विचारलं. तिच्या तोंडून ते आपोआप निघालं. “दोघंही थांबत असाल तर गीत सुरू कसं होतं?”

“पाळकसाहेब खाकरतात, त्यावर,” दोघंही म्हणाली.

“मला वाटायचं, मी खाकरेपर्यंत तुम्ही मुद्दाम थांबता,” पाळकसाहेब म्हणाले. “म्हणून बिचारा मी घसा साफ असतानाही खाकरायचो.”

भागीरथीबाई नवऱ्याकडं पाहून म्हणाल्या, “घरीसुद्धा हेच. सासूबाईंना म्हणायचे, सुनेच्या मनानं होऊ दे. मला म्हणायचे, आईच्या मनानं होऊ दे. दोन वर्षं आमच्या घरात दिवाळीला करंज्या झाल्या नाहीत. आणि गावभर यांचं नाव, काय समजूतदार माणूस!”

कमिटीतलं कुणीतरी हसलं, आणि मग कुणालाच आवरेना. एडविन उठून अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. “मग आता पुढं कोण, अक्का?” त्यानं विचारलं.

“ज्याला चाल माहीत आहे तो,” अक्का म्हणाल्या. “मी. वेगळं मत असेल तर आत्ताच तोंडावर सांग. निरोप नको.”

“नाताळची कॅरल्स माझ्या वेगानं,” एडविन म्हणाला.

“चालेल,” अक्का म्हणाल्या. मिटलं.

प्रभंजन अजून उभाच होता. “हाच माझा तिसरा सिद्धांत होता,” त्यानं जाहीर केलं. “गुन्हेगार तो, जो तक्रार घेऊन येतो. मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.” श्यामलानं अहवालाचा कागद चार घड्या करून चहाच्या कपाखाली ठेवला. तिथं तो पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला.

पुढच्या रविवारी अक्कांनी श्यामलाला वर माडीवर बोलावून पानं उलटायला बसवलं. तिला नोटेशन येत नव्हतं. “मी मान हलवली की उलट,” अक्का म्हणाल्या. “अमोलिकांसारखी नाही. एकदाच हलवीन.”

पाळकसाहेब खाकरायच्या आत ऑर्गन निघाला. सुजलेली बोटं पट्ट्यांवर अशी उतरली, की श्यामलाच्या अंगावर काटा आला. क्वायर निघाली ती ऑर्गनच्या खांद्याला खांदा लावून. मंडळींना मात्र कित्येक महिन्यांची सवय. पहिल्या कडव्यात अर्धं चर्च मागं पडलं, दुसऱ्यात हातातली पुस्तकं सावरत धावलं, तिसऱ्यात धापा टाकत पोचलं. चौथ्याला सगळे एकत्र होते. शेवटचा सूर छतापर्यंत गेला आणि थांबला.

चर्च शांत झालं. म्हणजे जवळजवळ. पहिल्या बाकावर दत्तात्रेय अमोलिक, डोळे मिटून, मान डोलवत, सगळ्यांत मोठ्या आवाजात अजून गात होते. ते चौथ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत होते. क्वायर त्यांच्याकडं पाहत होती. पाळकसाहेब पाहत होते. भागीरथीबाई कपाळाला हात लावून पाहत होत्या.

श्यामला वाकून कुजबुजली, “अक्का, थोडं वाजवायचं का? त्यांच्यासाठी?”

कुसुमअक्कांनी कठड्यावरून खाली एकदा नीट पाहून घेतलं. मग त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, आणि पदरानं कपाळ टिपत त्या आरामात मागं रेलून बसल्या.