अकरा नंबरचा डबा

मे महिन्यात स्वेटर घालून ऑफिसला येणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच, आमचे मेश्रामजी. मशीनच्या खोलीत एसी कडक असतो, मान्य. पण हा माणूस तिथे जाऊन मशीनच्या प्रत्येक डब्याला उलटा हात लावून बघतो, पोराचा ताप बघावा तसा. आणि कोणी म्हटलं की अमका डबा खराब आहे, की लगेच विचारणार, "त्याले विचारलं का?"

आता डब्याला काय विचारायचं, कपाळ?

नवा रायपूरच्या आमच्या संस्थेत मोठा संगणक आला. सोळा डबे, प्रत्येकात ढीगभर प्रोसेसर, सगळ्यांनी मिळून एकच गणित सोडवायचं. त्याची ताकद मोजणारी चाचणी पास झाली की मेश्रामजींनी सही करायची, मग माझं पावसाच्या अंदाजाचं काम सुरू. पण चाचणी दर वेळी अर्ध्यात क्रॅश. अकरा नंबरचा डबा उत्तर द्यायला उशीर करायचा, बाकीचे जरा वेळ वाट बघायचे आणि मग सगळंच बंद पडायचं.

कंपनीचा इंजिनीयर म्हणाला, "भैया, ग्यारह को निकाल दो. पंद्रह में भी पास हो जाएगा." खरंच होत होतं, आम्ही करून पाहिलं. तरी मेश्रामजी सही करेनात.

"काढून काहून टाकता? त्याले विचारलं का?"

पावसाळा तोंडावर आलेला. अभनपूरकडचे धान पेरणारे शेतकरी अंदाज मागून राहिले, डायरेक्टर माझ्यावर ओरडून राहिले, आणि हे गृहस्थ कधी केबल बदलतात, कधी पंखा पुसतात, कधी मेमरीच्या पट्ट्यांची अदलाबदल करतात. माझं डोकंच फिरलं. रविवारी सहीचा कागद घेऊन मी थेट ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घरी धडकले.

"आधी जेवून घ्या," म्हणाले. घरात ते आणि धाकटा भाऊ राजू, दोघंच. राजू चाळिशीचा, पण समज लहान मुलाची. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे ठाऊक नव्हतं.

पण म्हणून मी काही गप्प बसले नाही. वरणभातासोबत बोलणीही वाढली. "सोळातला एक नसला तर काय बिघडतं? त्या एकापायी सगळ्यांनी किती दिवस ताटकळायचं?"

माझं ताट संपलं. त्यांचं तर केव्हाच संपलं होतं, हात वाळून गेला होता. राजूचं अर्धं ताट बाकी, एकेक शीत निवडून खाणं चाललेलं. मी तणतणत हात धुवायला उठले.

"बसा ना, मॅडम," मेश्रामजी हळूच म्हणाले. "आपण उठलो तं तो तसंच टाकून देते. मंग दिवसभर भुकेला राहते."

मी बसले. माझाही हात वाळला. मला फार लाज वाटली, आणि त्यांचा राग यायचा तो येईना.

बऱ्याच वेळाने राजूने ताट पुसून चाटलं, मग वाकून माझ्या ताटात पाहिलं.

"तुमचं झालं?"

"हव," मी म्हटलं. "झालं."

मग आम्ही तिघं सोबतच उठलो.