मावशी हजर करा

बँकेच्या अर्जातला ‘नॉमिनीशी नाते’ हा रकाना बरोबर चार सेंटिमीटर लांब असतो. नूपुरने तो नऊ वर्षे रिकामा ठेवला होता. गुरुवारी तिच्या हृदयाचे ऑपरेशन होते, म्हणून सोमवारी ती अश्लेषाला घेऊन मनीषनगरच्या शाखेत आली. दारावर सप्तरंगी पताका होत्या. खाली लिहिले होते, ‘सर्व जोडप्यांचे स्वागत.’

“नातं?” काउंटरवरच्या पियूषने विचारले.

“नऊ वर्षं एकत्र राहतो.”

“तो कालावधी झाला, मॅडम. नातं सांगा.”

व्यवस्थापक महादेवराव स्वतः उठून आले. “कोणालाही नॉमिनी करता येतं, तसं परिपत्रक आहे. फक्त कॉम्प्युटरने ते अजून वाचलेलं नाही. भावाचं नाव टाका ना.”

“तो नऊ वर्षं माझ्याशी बोललेला नाही.”

“चालतो. अबोल्याचा रकाना नाही.”

तेवढ्यात पियूषला यादीत ‘मावसबहीण’ सापडली. घरमालकाने भाडेकरारातही तेच लिहून घेतले होते. मात्र पुराव्यादाखल मावशी हजर करणे आवश्यक होते.

“मी बनतो ना मावशी!” रांगेतून नूपुरच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या यमुताई पुढे सरसावल्या. “काहून घाबरतं वं पोरी?”

महादेवरावांना हायसे वाटले. साक्षीदार म्हणून किराणावाले ताराचंद यांनी न वाचताच सही ठोकली. आणखी दोघे पेन मागू लागले.

“यमुताई,” नूपुरने विचारले, “तुम्हाला खरं माहीत आहे ना?”

“माहीत काहून नाही? पहिल्याच दिवाळीले समजलं. साऱ्या बिल्डिंगले माहीत हाय वं!”

“मग जे खरं आहे तेच लिहिते. त्याखाली सही करा.”

यमुताईंना एकाएकी दिसेनासे झाले. चष्मा नाकावरच होता. ताराचंदना दुकान उघडे राहिल्याचे आठवले. पेन हातोहात मागे सरकत रांगेच्या टोकाला, सगळे बघत उभ्या असलेल्या आपल्यापाशी आले. आपण मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.

नूपुर चालत आली. तिने ते पेन आपल्या हातातून काढून घेतले आणि शाखेतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“अश्लेषा माझी बायको आहे. लिहा, पियूष. चार सेंटिमीटरमध्ये मावतं.”