रफिकभाईंची हजेरी

"बंद कर! बंद कर बे ते रडगाणं! कोणी आयकून राहिला अशीन!"

रफिकभाई स्टुडिओच्या काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत ओरडत होते. आमच्या अकोल्याच्या एफएम स्टेशनची ती काच आवाज अडवते, असं बसवणारा सांगून गेला होता. रफिकभाईंचा आवाज काचेतून आत आला, माझ्या माइकात शिरला आणि थेट बाळापूरच्या म्हशींना बिचकवून परतला. मी गाणं अर्ध्यात तोडलं.

आपलं स्टेशन कोणीतरी ऐकावं म्हणून आम्ही सगळे तडफडायचो. ऐकतंय कोणीतरी, या भीतीनं हा एकटा माणूस अर्धा झाला होता. गाणी निवडायचं काम त्यांचं. त्यांनी कॉम्प्युटरमधून इतकी रडगाणी पुसली, की हलकं झालेलं मशीन पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावर सरकायचं. नवरीच्या पाठवणीचं गाणंही चालायचं नाही. "हवा खराब हाये सध्या," एवढंच म्हणायचे. वर्षंच तशी होती. पेपर उघडला, की कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची चौकट.

रोज फर्माइश करणाऱ्यांची त्यांनी वही केली होती. फोन आला, की नावापुढे खूण. शाळेतल्या हजेरीसारखी.

पुसायचं राहून गेलेलं ते एक रडगाणं मागितलं होतं नामदेवभाऊंनी. पूर्णाकाठच्या गावातून, दुकानातल्या रुपया टाकायच्या डब्ब्यावरून, रोज अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी रफिकभाईंनी भरला चहा तसाच ठेवला.

"गाडी काढ."

मागच्या सीटवर इतकी शांतता, की भाई पडले की काय म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. मग ते बोलले, "माहा लहाना भाऊ गेला, तवा वावरात त्याच्यापाशी रेडिओ सापडला, चालूच होता. आपलंच स्टेशन. गाणं मीच लावलं होतं."

पुढे गाव येईपर्यंत मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

नामदेवभाऊंच्या अंगणात माणसं गोळा झालेली. सगळी चुपचाप. रफिकभाई गाडीवरून उतरेचनात. माझा शर्ट त्यांनी मागून मुठीत धरलेला. मीच गर्दीत डोकं घातलं. मधोमध शेळी व्याली होती.

"नामदेवभाऊ कोण?"

"मीच."

तो आवाज ऐकला मात्र, रफिकभाई गाडीवरून उडी टाकून आले आणि त्यांनी सरळ नामदेवभाऊंची गचांडी धरली. "फोन काहून नाही केला बे? तीन दिवस! काहून नाही केला?"

नामदेवभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं.

"रेडिओचे सेल संपले होते."