सासूबाईंचा चंद्र आणि बावीस किलोंचा माउंट

"बघायचंय की फोटो काढायचेत?" दुर्बिणीच्या दुकानदाराने विचारलं.

"बघायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"फोटो," त्यांचे जावई, दातांचे डॉक्टर, त्याच क्षणी म्हणाले.

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या होत्या. सुधारलेल्या डोळ्याने त्यांना एकदा चंद्र जवळून बघायचा होता, आणि उद्या सकाळी तर त्या परत निघणार होत्या. दुर्बीण ठरली होती. घोडं अडलं होतं ती बसवायच्या माउंटवर. एक साधा, हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवायचा. दुसरा बावीस किलोंचा. ध्रुवताऱ्याशी एकदा जुळवला की मोटरवर आकाशाबरोबर आपोआप फिरणारा. डॉक्टरांनी दुसरा उचलला. म्हणजे उचलायला दोन माणसं लागली.

संध्याकाळी सातला गच्चीवर मांडामांड सुरू झाली. पश्चिमेला चंद्राची छान कोर आली होती.

"बघू का?" सासूबाईंनी विचारलं.

"पाचच मिनिटं, आई. आधी ध्रुव सापडायला हवा."

ध्रुव पाण्याच्या टाकीमागे निघाला. तिवई दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तर तिथली फरशी उतरती. एका पायाखाली डॉक्टरांची चप्पल गेली. मग तोल साधायचं लोखंडी वजन घरीच राहिल्याचं लक्षात आलं. लिफ्ट बंद होती. डॉक्टर एका पायात चप्पल घालून चार जिने उतरले आणि वजन छातीशी धरून धापा टाकत वर आले.

"अरे, आईला नुसतं दाखव ना," बायको म्हणाली.

"नुसतं दाखवायला आणलंय का हे?"

सासूबाईंनी बाजूला पडलेली दुर्बीण उचलली, आरामखुर्चीवर दोन उशा रचून त्यांत रुतवली आणि डोळा लावला.

"अगं, खड्डे आहेत की त्याला," त्या लेकीला म्हणाल्या. "बघ ये."

वाळलेले कपडे काढायला आलेल्या शेजारणीनेही बघितलं. तिने खाली फोन लावला. अर्ध्या तासात खुर्चीपुढे नऊ माणसांची रांग लागली, सगळ्यांत शेवटी वॉचमन.

"जमलं," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "आई, द्या दुर्बीण."

"देते की. पण ही मंडळी कधीची थांबलीत. तुम्ही वॉचमनच्या मागे उभे राहा."

डॉक्टर रांगेत उभे राहिले. कोपऱ्यात माउंट, डोक्यावर काहीच नसताना, गुरगुरत अगदी अचूक फिरत होता.

त्यांचा नंबर आला तेव्हा कोर समोरच्या इमारतीला टेकायला आली होती. त्यांनी गुडघे टेकून डोळा लावला.

"दिसला?" बायकोने विचारलं. डॉक्टर आणखी पुढे वाकले. "अरे, फोटो काढायचाय ना? चालला तो."

"थांब गं. उशीला धक्का लावू नकोस."

त्या दिवशी फोटो एकच निघाला, तोही सासूबाईंच्या मोबाइलवर. त्यात चंद्र नाही. खुर्चीपुढे गुडघ्यावर बसलेले दातांचे डॉक्टर आहेत, आणि त्यांनी भलामोठा आ वासलेला आहे.